आठ दिवसांची सेवा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशातील गोरगरिबांच्या सेवेसाठी आठ-दहा दिवसांच्या मुदतीने जाणारे अमेरिकन ख्रिस्ती स्वयंसेवक, हा या व्याख्यानाचा विषय आहे. समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. प्रयोजन दुहेरी आहे. श्रीमंत राष्ट्र आणि दरिद्री राष्ट्र यांच्यातील संबंध व्यापारात व कर्जव्यवहारात जसे उघड होतात, तसेच ते परोपकारातही उघड होतात. किंबहुना तेथे ते अधिक स्पष्ट दिसतात, कारण तेथे कोणाचा हेतू वाईट नसतो. दुसरे असे की, सेवा हा शब्द समाजवादी चळवळीच्याही जिव्हाळ्याचा आहे. श्रमदानाची शिबिरे, दुष्काळातील व भूकंपातील मदतकार्य यांतून या चळवळीच्या कित्येक पिढ्या घडल्या. तेव्हा दुसऱ्याच्या सेवेला जी कसोटी लावावयाची, ती स्वतःच्या सेवेला लावण्याची तयारी ठेवूनच या विषयाकडे वळले पाहिजे.

यात्रेचे स्वरूप

अमेरिकेतील एखाद्या मध्यमवर्गीय वस्तीतील चर्च सुट्टीच्या दिवसांत पंधरा-वीस जणांचा जथा तयार करते. त्यात बहुसंख्य शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुली, दोन-चार प्रौढ माणसे आणि क्वचित एखादा डॉक्टर किंवा परिचारिका असते. प्रवासखर्च उभा करण्यासाठी हे तरुण नातेवाइकांना व मंडळीच्या सभासदांना पत्रे पाठवितात, लोकांच्या मोटारी धुऊन देतात, घरी केलेले खाद्यपदार्थ विकतात. मग एके दिवशी एकाच रंगाचे सदरे घालून हा जथा मेक्सिको, ग्वातेमाला, होंडुरास, हैती किंवा केनिया अशा एखाद्या देशात उतरतो. सकाळी घराच्या भिंती उभारणे किंवा शाळेला रंग देणे, दुपारी वस्तीतील मुलांना गाणी, खेळ आणि बायबलमधील गोष्टी, रात्री सामुदायिक प्रार्थना व दिवसभराच्या अनुभवांचे कथन, असा सर्वसाधारण कार्यक्रम असतो. एखादा दिवस प्रेक्षणीय स्थळांसाठी व बाजारहाटासाठी राखून ठेवलेला असतो. परतल्यावर स्वतःच्या चर्चमध्ये छायाचित्रांसह वृत्तान्त सादर होतो आणि पुढील वर्षीच्या जथ्याची नावे नोंदविली जातात.

हा प्रकार किरकोळ नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी 2005 मध्ये केलेल्या पाहणीवरून असा अंदाज निघाला की, अमेरिकेतील चर्चचे सुमारे 16 लाख प्रौढ सभासद दरवर्षी अशा यात्रांसाठी देशाबाहेर जात होते आणि त्यांचा सेवास्थानी मुक्काम सरासरीने आठ दिवसांचा होता. माणशी खर्च केवळ हजार डॉलर धरला, तरी ही रक्कम वर्षाला 160 कोटी डॉलरच्या घरात जाते. कित्येक गरीब देशांच्या आरोग्यखात्यांना वर्षभरात एवढा पैसा पाहावयास मिळत नाही.

मिशनरी कार्याचे हे रूप अर्वाचीन आहे. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी जात असे तो बहुधा जन्माच्या बोलीने. महाराष्ट्राला तो इतिहास परका नाही, कारण अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या पहिल्या तुकडीतील मिशनरी 1813 मध्ये मुंबईतच उतरले होते. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाई 1827 मध्ये मुंबईस आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या आणि 1862 मध्ये तेथेच निवर्तल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना स्त्रीशिक्षणाच्या कार्याची प्रेरणा मिळाली. डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये आले, 1894 मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले आणि 1928 पर्यंत ते येथेच राबले. या मंडळींचा धर्मप्रसाराचा हेतू उघड होता. त्यांच्या मागे परकीय सत्तेचे छत्र होते हेही खरे. परंतु येथली भाषा त्यांना शिकावी लागली, येथली टीका त्यांना ऐकावी लागली, आणि स्वतःच्या चुकांचे परिणाम डोळ्यांदेखत पाहावे लागले. शाळा वाईट चालली, तर दुसऱ्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवावयाचे होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. जेट विमानांनी महिन्यांचा प्रवास तासांवर आणला. 1957 मध्ये जॉर्ज व्हर्वर हा तरुण मित्रांसह सुट्टीत मेक्सिकोला धर्मप्रसारासाठी गेला आणि त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था निघाली. 1960 मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था स्थापिली. त्याच सुमारास, 1961 मध्ये, अध्यक्ष केनेडींनी पीस कोअरची घोषणा केली. तरुणाने काही काळ परदेशी जाऊन सेवा करावी ही कल्पना चर्च आणि सरकार या दोहोंनी एकाच दशकात उचलून धरली. मात्र पीस कोअरची मुदत दोन वर्षांची होती. चर्चच्या यात्रांची मुदत पुढे आटत आटत शाळेच्या सुट्टीइतकी उरली.

हिशेब कोणाचा?

या यात्रांमागील भावनेची टवाळी करणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. ज्या समाजात सतरा वर्षांच्या मुलाला सुट्टीत उपभोगाखेरीज दुसरे काही सुचू नये अशीच सारी व्यवस्था आहे, तेथे एखादा मुलगा स्वखर्चाने दूरच्या खेड्यात जाऊन विटा वाहू इच्छितो, ही गोष्ट लहान नाही. यात्रेहून परतल्यावर वैद्यक किंवा समाजकार्य हा जीवनाचा मार्ग म्हणून निवडणारेही असतात. कुशल शल्यचिकित्सकांची पथके स्थानिक रुग्णालयांच्या निमंत्रणावरून येऊन जी कामे करतात, त्यांतून पुष्कळांना दृष्टी मिळते, पुष्कळांची व्यंगे दूर होतात. हे सर्व मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावयाचा आहे: सेवेचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा? जाणाऱ्याच्या, की जेथे तो जातो तेथल्या माणसाच्या?

1998 च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ नावाच्या चक्रीवादळाने होंडुरास देश उद्ध्वस्त केला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली, लक्षावधी बेघर झाली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील चर्चचे जथे घरे बांधण्यासाठी तेथे लोटले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने या घरबांधणीचा अभ्यास करून 2006 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा गृहस्थ मिशनविरोधी नव्हे. एका ख्रिस्ती महाविद्यालयाचा अध्यापक असून होंडुरासमध्येच दीर्घकाळ राहिलेला. त्याला असे आढळले की, विमानभाडे व मुक्काम धरून परदेशी जथ्याने बांधलेल्या एका घरामागे सुमारे 30,000 डॉलर खर्च झाला होता. तसलेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था तेथल्या गवंड्यांकडून सुमारे 2,000 डॉलरमध्ये बांधून घेत होती. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे उभी राहिली असती. घर मिळालेल्या कुटुंबांच्या पुढील आयुष्यात, ते घर परदेशी हातांनी बांधले की देशी हातांनी, यामुळे काही उल्लेखनीय फरक पडलेला दिसला नाही. आणि जाणाऱ्यांच्या जीवनात आमूलाग्र पालट होतो असे जे सांगितले जाते, त्याचाही टिकाऊ पुरावा फारसा मिळाला नाही. परतल्यानंतरच्या दानधर्मात व राहणीत पडलेला फरक अल्प होता.

या आकड्यांकडे केवळ काटकसरीच्या दृष्टीने पाहू नये. त्यांत श्रमाचा प्रश्न दडलेला आहे. वादळाने घर गेलेल्या माणसाचे कामही बहुधा त्याच वादळाने नेलेले असते. त्या गावात गवंडी असतो, सुतार असतो, बिगारी असतो. त्यांना त्या दिवशी मजुरीची नितांत गरज असते. अशा वेळी आयुष्यात कधी थापी हाती न धरलेली वीस मुले येऊन फुकट भिंत बांधू लागली, तर तो गवंडी काय करणार? तो बाजूला उभा राहून पाहतो. पुष्कळदा त्या मुलांचे काम सुधारण्याचे कामही त्याच्याच वाट्याला येते. ज्याचे कौशल्य आहे तो प्रेक्षक आणि ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे आहेत तो कर्ता, अशी ही उलटापालट आहे. परोपकाराने येथे घर दिले. पण ते बांधण्याची रोजी आणि ते बांधल्याचा अभिमान मात्र हिरावून घेतला.

अनाथ मुलांचा बाजार

गवंड्याची रोजी जाते, तेथे नुकसान मोजता तरी येते. मुलांच्या बाबतीत ते मोजणेही कठीण. या जथ्यांच्या कार्यक्रमात अनाथालयाची भेट हा मोठ्या आवडीचा भाग असतो. परक्या मुलाला कडेवर घेण्यात खोटेपणा नाही. परंतु दर पंधरवड्याला नवा जथा येतो, मुलांना जवळ घेतो, त्यांचा लळा लागतो न लागतो तोच निघून जातो. हे वर्षानुवर्षे चालले, तर त्या मुलाच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार जाणाऱ्याच्या वहीत कोठे लिहिलेला नसतो.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जेथे अनाथालयाला गिऱ्हाईक असते, तेथे अनाथांचा पुरवठाही होऊ लागतो. लुमोस या बालकल्याण संस्थेने 2017 मध्ये हैतीविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तेथल्या अनाथालयांत सुमारे 30,000 मुले होती आणि त्यांपैकी सुमारे 80 टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात होते. या अनाथालयांना परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतील चर्च व दानशूर व्यक्तींकडून, वर्षाला किमान 7 कोटी डॉलर मिळत असल्याचा अंदाज त्या अहवालात दिला आहे. आईबाप मूल सोडतात ते दारिद्र्यामुळे; तेथे त्याला अन्न मिळेल, शाळा मिळेल या आशेने. तोच पैसा त्या आईच्या हाती पडला असता, तर मूल घरीच राहिले असते.

2010 मध्ये या विचारसरणीचे टोक साऱ्या जगाने पाहिले. 12 जानेवारीला हैतीत भीषण भूकंप झाला. त्याच महिन्याच्या 29 तारखेस, अमेरिकेतील बॅप्टिस्ट चर्चच्या दहा स्वयंसेवकांना 33 मुलांसह डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सरहद्दीवर अटक झाली. मुले बाहेर नेण्याचे आवश्यक कागदपत्र त्यांच्यापाशी नव्हते. पुढे उघड झाले की, बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते आणि शिक्षणाच्या आश्वासनावर अनेक पालकांनी स्वतःच मुले सोपविली होती. अपहरणाचा आरोप अखेर टिकला नाही. जथ्याच्या प्रमुखाला बेकायदा प्रवास घडवून आणल्याबद्दल दोषी धरून, भोगलेल्या कैदेवर सोडण्यात आले. या स्वयंसेवकांचा हेतू मुले विकण्याचा होता असे मानण्याचे कारण नाही. तरीही, गरीब आईच्या मुलाचे भले तिच्यापेक्षा परक्याला अधिक कळते, आणि भल्यासाठी कायदा बाजूला ठेवला तरी चालतो, या समजुतीने ते तेथवर पोचले होते. परकी सेना याच समजुतीने परक्या देशात शिरत असते.

सुदैवाने जगाचे लक्ष आता या प्रश्नाकडे वेधले आहे. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविषयक कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचा प्रश्न विचारात घेतला, आणि 2019 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अशा अनाथालयांतील स्वयंसेवा व पर्यटनाच्या धोक्याची दखल घेतली.

दारिद्र्य आले कोठून?

येथवर झाली ती यात्रेच्या पद्धतीची चर्चा. खरा वाद त्यापलीकडे आहे. जथ्यातील तरुणाला हैतीचे दारिद्र्य दिसते. परंतु ते तेथे कसे आले, हे त्याला कोणी सांगत नाही. पूर किंवा भूकंप यांप्रमाणे तेही निसर्गाने धाडले असावे, असे तो धरून चालतो.

हैतीतील गुलामांनी बंड करून 1804 मध्ये स्वातंत्र्य मिळविले. 1825 मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, गुलाम व मळे गमावलेल्या मालकांच्या भरपाईसाठी 15 कोटी फ्रँक मागितले. ही रक्कम पुढे 9 कोटींवर आली. पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा पाश 1947 पर्यंत सुटला नाही. माणसाने स्वतःच्या सुटकेची किंमत सव्वाशे वर्षे मोजावी, असे हे उदाहरण आहे. 1915 पासून 1934 पर्यंत तो देश अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता. 1995 मध्ये, परकीय मदतीच्या अटींपोटी, हैतीने तांदळावरील आयातकर अवघ्या 3 टक्क्यांवर आणला आणि सरकारी साहाय्यावर पोसलेला स्वस्त अमेरिकन तांदूळ तेथे येऊन पडला. देशी भातशेती मोडली, शेतकरी राजधानीतील झोपडपट्ट्यांत लोटला गेला. हे धोरण रेटणाऱ्या सरकारचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनीच 2010 च्या मार्चमध्ये सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की, त्याचा लाभ त्यांच्या आर्कान्सा राज्यातील काही शेतकऱ्यांना झाला असेल, पण हैतीची स्वतःचे अन्न पिकविण्याची शक्ती त्यामुळे गेली.

आता या पार्श्वभूमीवर अन्नछत्रात भात वाढणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकाकडे पाहावे. त्याची करुणा खरी आहे. वाढला जाणारा तांदूळ बहुधा त्याच्याच देशातून आलेला आहे. ताटापुढे बसलेला माणूस काही वर्षांपूर्वी स्वतः भात पिकवीत होता, हे मात्र त्या दोघांपैकी एकालाच ठाऊक आहे. आठ दिवसांच्या यात्रेत ही गोष्ट दुसऱ्याला कळण्याची सोय नाही. कारण ती सांगण्यासाठी दोघांची भाषा एक लागते, आणि ऐकण्यासाठी बराच वेळ लागतो.

चर्चमधूनच उठलेला आवाज

ही टीका बाहेरच्यांनी शोधून काढलेली नाही. तिचा सर्वांत प्रखर उच्चार एका कॅथलिक धर्मगुरूनेच केला. 1961 मध्ये, उत्तर अमेरिकेने आपल्या धर्मगुरूंपैकी एक दशांश लॅटिन अमेरिकेकडे पाठवावेत, असे आवाहन पोपच्या वतीने करण्यात आले होते. इव्हान इलिच हे तेव्हा मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अशा मिशनऱ्यांसाठी अभ्यासकेंद्र चालवीत. या आवाहनामागे लॅटिन अमेरिकेवर परकी जीवनपद्धती लादण्याचा धोका आहे, असे त्यांचे मत झाले व त्यांनी ते 1967 मध्ये एका जेझुइट साप्ताहिकात उघडपणे मांडले. 1968 च्या एप्रिलमध्ये, सुट्टीत मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच परिषदेत त्यांनी भाषण केले. त्याचे सार असे की, पाहावयास या, शिकावयास या, आनंद घ्यावयास या; परंतु उपकार करावयास येऊ नका. ज्या लोकांची भाषा येत नाही त्यांच्यावर स्वतःचे चांगुलपण लादू नका; आणि सेवाच करावयाची तर स्वतःच्या देशात करा, कारण तेथे चुकल्यास लोक तोंडावर सांगतील.

त्याच वर्षी कोलंबियातील मेडेयीन येथे लॅटिन अमेरिकेतील बिशपांची परिषद भरली आणि दारिद्र्य हे अन्यायाचे फळ आहे, या विचाराला तेथे अधिकृत वाचा फुटली. पेरूचे गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी त्याला 1971 मध्ये मुक्तीच्या धर्मशास्त्राचे रूप दिले. गरिबाला दान देणे आणि गरिबाची बाजू घेणे यांतील भेद या धर्मशास्त्राने स्पष्ट केला. दान देणाऱ्याला सत्ताधीश सत्कारास बोलावतात. बाजू घेणाऱ्यावर गोळ्या झाडतात. एल साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचा खून 24 मार्च 1980 रोजी ते उपासना चालवीत असताना झाला. त्याच वर्षी 2 डिसेंबरला त्याच देशात चार अमेरिकन ख्रिस्ती सेविकांना तेथल्या राष्ट्रीय रक्षक दलाच्या शिपायांनी ठार मारले. त्यांतील तिघी जोगिणी होत्या आणि चौथी, जीन डोनोव्हन, ही सत्तावीस वर्षांची सामान्य स्वयंसेविका होती. निर्वासितांच्या सोबत राहणे, हा त्यांचा अपराध. आणि त्या सरकारच्या लष्कराला पैसा व शस्त्रे त्यांच्याच मायदेशाकडून मिळत होती.

अल्पमुदतीची यात्रा म्हणजे नेहमीच उथळ, असेही मानू नये. 1983 मध्ये अमेरिकेतील काही ख्रिस्ती लोकांनी ‘विटनेस फॉर पीस’ हा उपक्रम सुरू केला. अमेरिकन सरकारच्या पैशावर लढणारे कॉन्ट्रा सैनिक निकाराग्वातील खेड्यांवर हल्ले करीत होते. त्या खेड्यांत हजारो अमेरिकन नागरिक थोड्या थोड्या दिवसांसाठी जाऊन राहिले. त्यांनी तेथे भिंती रंगविण्याला महत्त्व दिले नाही. आपल्या कराच्या पैशाने काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहणे, पीडितांचे म्हणणे टिपून घेणे आणि मायदेशी परतून वृत्तपत्रांत, चर्चमध्ये, लोकप्रतिनिधींच्या दारात ते सांगणे, हे त्यांचे काम होते. काही चर्चनी तर 1982 पासून मध्य अमेरिकेतील निर्वासितांना कायद्याची पर्वा न करता आसरा दिला. म्हणजे दिवसांची संख्या हा गौण मुद्दा ठरतो. एका यात्रेची जबाबदारी विमान उडताच संपते. दुसरीची विमान उतरल्यावर सुरू होते.

दोन सावधगिरीचे इशारे

ही चर्चा भारतात करताना पहिला इशारा आवश्यक आहे. येथे मिशनऱ्यांवरील टीका धर्मद्वेषाच्या गिरणीत ताबडतोब दळली जाते. समाजवाद्यांनी त्या गिरणीला धान्य पुरवू नये. ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ 1965 मध्ये ओरिसातील बारीपाड्यास आले आणि चौतीस वर्षे कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिले. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावी त्यांना व त्यांच्या दोन कोवळ्या मुलांना जमावाने गाडीत जिवंत जाळले. या कृत्याचे समर्थन करणाऱ्यांना परोपकाराविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकबुद्धीचे व धर्माचे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे, आणि आदिवासी किंवा दलित माणसाने कोणता धर्म पत्करावा हे ठरविणारा तो स्वतःच आहे. येथे मांडलेली टीका ख्रिस्ती धर्मावर नाही. गरिबाला विचारल्यावाचून त्याचे भले ठरविणाऱ्या वृत्तीवर ती आहे, आणि त्या वृत्तीला कोणताही एक धर्म नाही. टिळा लावून आदिवासी पाड्यावर जाणारे जथेही तिच्यापासून मुक्त नाहीत.

दुसरा इशारा स्वतः चळवळीसाठी. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक धावून गेले. 2001 मध्ये कच्छला, 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात हेच घडले. त्या धावण्यात माणुसकी होती, आणि पहिल्या दिवसांत प्रत्येक हाताची गरजही होती. परंतु पहिला आठवडा सरल्यावर शहरी शिबिरार्थी खेड्यात काय करतो? गावाने न मागितलेला रस्ता, गावाने न निवडलेल्या जागी खोदलेला बंधारा, समारोपाच्या दिवशी पाहुण्यांची भाषणे, आणि पुढच्या पावसाळ्यात तो बंधारा पाहावयास कोणीच नाही, असे प्रकार घडले नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? दलित वस्तीत श्रमदान करून रात्रीच्या जेवणाला मात्र पाटलाच्या वाड्यावर जाणारे शिबिर हे होंडुरासमधील त्या जथ्याचेच भावंड होय.

उत्तम शिबिराचे उदाहरणही याच देशात आहे. पियेर सेरेसोल हा स्विस अभियंता श्रद्धेने ख्रिस्ती, युद्धाचा कट्टर विरोधक. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील व्हर्दूनच्या परिसरात 1920 मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय श्रमशिबिराचा पहिला प्रयोग केला. 1931 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याची गांधीजींशी गाठ पडली. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने बिहार हादरला, तेव्हा तो मोजक्या सोबत्यांसह येथे आला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदत समितीच्या कार्याशी त्याने स्वतःला जोडून घेतले, आणि पुराच्या तडाख्यातील गावे नव्या जागी वसविण्याच्या कामी गावकऱ्यांबरोबर माती वाहिली. पहिल्या खेपेस काम पुरे झाले नाही. म्हणून तो पुन्हा आला, आणि हे काम 1937 पर्यंत चालले. परकेपणा आणि परधर्म त्याच्या आड आले नाहीत, कारण त्याने वेगळी चूल मांडली नव्हती.

चार प्रश्न

यातून कार्यकर्त्याने कोणता बोध घ्यावा? निघण्यापूर्वी प्रत्येक सेवापथकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पहिला: बोलावले कोणी? निमंत्रण गावातील मुखंडाचे, की ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याचे? दुसरा: हे काम तेथला माणूस मजुरी घेऊन करू शकतो काय? करू शकत असेल, तर प्रवासाचा पैसा मजुरीच्या रूपाने त्याच्याकडे का जाऊ नये? तिसरा: काम बिघडले, तर जाब कोणाला आणि कोठे विचारावयाचा? ज्याला जाब विचारता येत नाही त्याची सेवा घेणे म्हणजे त्याची मर्जी झेलणे होय. चौथा प्रश्न सर्वांत अवघड: ज्या दुःखावर फुंकर घालावयास पथक निघाले आहे, त्या दुःखाच्या कारणांत पथकातील माणसांच्या स्वतःच्या वर्गाचा, जातीचा किंवा देशाचा हात किती, आणि परतल्यावर त्या हाताला आवर घालण्यासाठी ती माणसे काय करणार आहेत?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन तरुणाला त्याच्याच गावात शोधावे लागेल. त्याच्या देशाची शेतीची अनुदाने, शस्त्रांची विक्री, सरहद्दीवर अडविल्या जाणाऱ्या होंडुरासच्या मजुरांची दशा, हे त्याचे सेवाक्षेत्र आहे. मुंबई-पुण्याच्या तरुणालाही त्याचे उत्तर शिबिराच्या गावी सापडणार नाही. उसाला पाणी आणि गावाला टँकर असे का, ऊसतोड कामगाराची उचल वर्षानुवर्षे का फिटत नाही, शहरातील स्वस्त घरकाम कोणत्या दुष्काळी तालुक्यातून येते, हे प्रश्न त्याच्या घराच्या उंबरठ्यापाशीच उभे आहेत.

याचा अर्थ कोणी कोठे जाऊच नये असा नाही. माणसाने माणसाकडे गेलेच पाहिजे; न जाणाऱ्यांची उदासीनता ही जाणाऱ्यांच्या भाबडेपणाहून कितीतरी वाईट आहे. जाताना मात्र विद्यार्थी म्हणून जावे, यजमानाच्या सांगण्याप्रमाणे राबावे, आणि परतताना तेथल्या माणसाची मागणी बरोबर घेऊन यावे. ती मागणी ज्या दारात नेऊन मांडावयाची, ते दार बहुधा स्वतःच्याच वस्तीत असते. तेथे धरणे धरून बसण्याला आठ दिवस पुरत नाहीत. त्यासाठी संघटना लागते, आणि संघटना बांधणे हेच या अभ्यासवर्गात जमलेल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.